डबा रिकामा आला पाहिजे

पेनाची रिफिल आणायला गेलो आणि फळा घेऊन आलो, एवढीच माझी चूक. पुढचं सगळं त्या फळ्याने केलं. (असं मी समजतो. रसिका, म्हणजे माझी बायको, तसं समजत नाही.)

फळा म्हणजे शाळेतला काळा नव्हे. पांढरा, गुळगुळीत, मार्करने लिहायचा आणि बोळ्याने पुसायचा. नवघर रोडच्या स्टेशनरीवाल्याच्या दारात उभा होता. एक कोपरा चेपला होता म्हणून तो स्वस्तात देतो म्हणाला, वर लाल आणि हिरवा असे दोन मार्कर फुकट. फुकट हा शब्द ऐकला की माझ्यातला रत्नागिरीकर जागा होतो. फळा डोक्यावर घेतला आणि भर दुपारी पाण्याच्या टँकरमागून चालत घरी आलो.

"हे काय?" रसिकाने दार उघडून विचारलं.

"फळा."

"ते दिसतंय. शिकवण्या काढताय?"

"तुझ्या धंद्यासाठी आणलाय."

"माझ्या धंद्याला फळा लागत नाही हो, फोन लागतो. बाजूला व्हा, वाजतोय."

आता हा धंदा काय होता ते सांगतो, आणि तो तिचा होता, माझा नव्हता, हेही आत्ताच सांगून टाकतो. कारण मधल्या काळात माझा तसा समज झाला होता.

मी अंधेरीला पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत सीनिअर असिस्टंट होतो. दोन हजार पाच साली कंपनीने आम्हाला ट्रेनिंगला बसवलं. विषय होता ध्येय आणि यशाची मोजपट्टी. टाय लावलेला एक तरुण म्हणाला, "जे मोजता येत नाही ते नसतंच, असं समजा." मग प्रत्येकाने आपण दिवसभर काय करतो आणि त्याने कंपनीला काय मिळतं याचा तक्ता करायचा होता. माझा तक्ता सगळ्यात सुबक ठरला. टाळ्या झाल्या. त्या तक्त्यावरून वरच्या साहेबांच्या लक्षात आलं की मी जे करतो ते केलं नाही तरी पंखे तयार होतातच. स्वेच्छानिवृत्तीचं पत्र आलं. त्यातली स्वेच्छा कोणाची होती हे मला अजून कळलेलं नाही. वीस-बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला स्वतःच्या अक्षराने घरी बसवलं याचं मला फार लागलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, अजून लागतं.

तेव्हापासून घर रसिकाच्या फोनवर चालत होतं.

तिच्या सेवेचं नाव 'घरचा घास'. ती स्वतः काही शिजवत नसे. नवघर, गोडदेव आणि खारी या भागातल्या तीन बायका आपापल्या घरी रांधायच्या आणि लोक रसिकाला फोन करायचे, "आज कोणाकडे काय आहे?" मग कोणाचा डबा कोणाकडे जाईल ते ती ठरवायची. कोणाची सासू आजारी असली की हंसाबेनची मऊ खिचडी. कोणाला बदल हवा असला की मिनलचं काहीतरी टीव्हीवर बघून केलेलं. आणि एकटा राहणारा एखादा मुलगा फोनवर नुसता "काहीही पाठवा काकू" असं मलूल आवाजात म्हणाला, की त्याला विमलाबाईंची कुळथाची पिठी, भात आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. हे सगळं तिच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही! मला तर ते ऐकूनच घाम फुटला. अशा व्यवहाराला मार्केटप्लेस म्हणतात आणि त्याला ध्येय असावं लागतं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

मी सांगायचं ठरवलं. रविवारी हॉलमध्ये मीटिंग बोलावली. फळा टीव्हीवर टेकवून ठेवला. समोर तिघी बायका आणि डबे पोचवणारा राघो.

विमलाबाई साठीच्या, राजापूरकडच्या. नवरा गेल्यापासून खारीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. हंसाबेन आमच्याच बिल्डिंगमधल्या, तोंडाने गोड. मिनल तरुण, एमएस्सी, होम सायन्स. राघो मूळचा खारी गावातला, बापजाद्यांनी मिठागरावर जन्म काढला, हा सायकलला पिशव्या लावून दुपारी डबे पोचवायचा आणि संध्याकाळी गोळा करून ज्याचे त्याच्या घरी द्यायचा. प्रत्येक डब्यावर त्या त्या बाईचं नाव कोरलेलं होतं, त्यामुळे अदलाबदल व्हायची नाही.

"आपलं ध्येय काय?" मी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

शेवटी विमलाबाई म्हणाल्या, "जेवणारा नीट जेवला पायजे."

"उत्तम. पण तो नीट जेवला हे आपल्याला कसं कळणार?"

"तोंडावरून कळतं की."

"तोंड मोजता येत नाही, विमलाबाई."

"भाई, कंप्लेंटका फोन नहीं आया तो अच्छाच जेव्या ना?" हंसाबेन म्हणाल्या.

"आवडलं की दुसऱ्या दिवशी त्याच बाईंचा डबा मागतात," रसिका म्हणाली. "एवढं सोपं आहे ते."

(इथे थांबून मला कोणीतरी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.) मी म्हणालो, "तो अप्रत्यक्ष पुरावा झाला. मला प्रत्यक्ष पाहिजे." तेवढ्यात फोन वाजला आणि रसिका आत गेली. नेमकं तेव्हाच मला सुचलं. मार्कर उचलला आणि लिहिलं: डबा रिकामा आला = यश.

"बघा किती साधं आहे! अन्न आवडलं तर माणूस चाटूनपुसून खातो. डबा रिकामा येतो. नाही आवडलं तर डब्यात राहतं. राघो, तू संध्याकाळी मला फक्त सांगायचं, रिकामा की नाही."

आता नीट आठवतं, की शेवटचं वाक्य मी मोठ्याने म्हणालो आणि आधीची सगळी फळ्याकडे तोंड करून पुटपुटलो. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय ट्रेनिंगमधलीच.

विमलाबाई अवघडल्या. "रिकामा डबा चांगला, भाऊ?"

"त्याच्याइतकं चांगलं काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि राघोकडे बघितलं. राघोने खांदे उडवले. शिकलेल्या माणसांच्या घरी काय रीत असेल ते आपल्याला काय ठाऊक, असा त्या खांद्यांचा अर्थ होता. मला तो मान्यतेचा वाटला.

रसिका परत आली तोवर मी सगळं पुसून फळ्यावर तीन नावं आणि वर फक्त 'आर.डी.' एवढं लिहिलं होतं. संक्षेप केल्याने गोष्टीला वजन येतं.

"आर.डी. म्हणजे? पोस्टाची आरडी?" तिने विचारलं.

"तुला नाही कळायचं ते. तांत्रिक आहे."

त्यानंतर तिने फळ्याकडे पाहिलं नाही, आणि बरेच दिवस माझ्याकडेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी बिल्डिंगच्या गेटवर खुर्ची टाकून बसू लागलो. राघोची सायकल आली की चौकशी सुरू.

"मिनल?"

"रिकामे, सायेब." राघो मान खाली घालून. "समदे रिकामे."

"वा! हंसाबेन?"

"कवा रिकामे, कवा न्हाय."

"विमलाबाई?"

इथे त्याचा चेहरा उजळायचा. "न्हाय! येक पन रिकामा न्हाय."

त्याला मिनलची दया का येते आणि विमलाबाईंचं कौतुक का वाटतं, मला कळेना. मी समजलो, माणूस मत्सरी आहे, गावकीचं काहीतरी असेल. मिनलपुढे हिरवी खूण, विमलाबाईंपुढे लाल. आठवडाभरात विमलाबाईंची ओळ अशी लाल झाली की घरात गोवर निघाल्यासारखं वाटायला लागलं.

एकदा मी खोलात शिरायचं ठरवलं.

"राघो, विमलाबाईंच्या डब्यात असतं तरी किती?"

"काय सांगू सायेब. कवा मूठभर, कवा अर्धा डबा."

"अर्धा!"

"त्या गोडदेवच्या म्हातारीनं तर काल भरूनच दिला. वर फडका बांधून. म्हनाली, सांभालून ने."

"भरून? म्हणजे हातच नाही लावला?"

"हात कशाला लावील? तसाच दिला."

"आणि विमलाबाई काय म्हणाल्या?"

"डोल्यांत पानी आला तिच्या."

"येणारच!" मी म्हणालो. "येणारच, राघो!" आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. दोन माणसांचं इतकं एकमत मी आयुष्यात थोड्या वेळा पाहिलंय.

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, एक डबा उघडून बघायचास. बघितला असता. पण तो टायवाला म्हणाला होता की मॅनेजरने स्वतः हात घालायचा नसतो, आकडे पाहायचे. त्याचं ऐकून माझी नोकरी गेली होती, तरी त्याच्यावरचा विश्वास काही जात नव्हता. नोकरी गेलेल्या माणसाला काहीतरी धरून बसावं लागतं. मी तो फळा धरून बसलो होतो.

एवढ्यात रसिकाच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. ती आठवडाभर चिपळूणला जायला निघाली. जाताना फोनचं काम माझ्यावर सोपवलं.

"हे बघा," ती म्हणाली, "तुम्ही फक्त विचारायचं, काय हवंय. आणि मागतील तेच द्यायचं. डोकं चालवायचं नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर शेजारी ठेवून गेले असते," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

रिक्षा वळली तशी मी डोक्याला चावी दिली. मोजमाप करून कृती केली नाही तर मोजमापाला अर्थ काय? विमलाबाईंचे डबे कमी करून मिनलकडे वळवायचे, हे उघड होतं. पण कोणाला न सांगता काढून टाकणं ही कंपनीची रीत, माझी नव्हे. मी स्वतः खारीला गेलो.

विमलाबाई कांदा चिरत होत्या. "या भाऊ, बसा," म्हणाल्या आणि पाट दिला. घर शेणाने सारवल्यासारखं लख्ख, भिंतीला डब्यांची चळत. मी घसा साफ केला.

"विमलाबाई, तुमचे डबे रिकामे येत नाहीत."

त्या लाजल्यासारख्या हसल्या. "व्हय. लोकांची माया."

(अन्न टाकतात लोक, आणि बाई म्हणते माया! मला कीव आली.)

"ही माया बंद झाली पाहिजे. यापुढे डबा रिकामाच आला पाहिजे. आत काही दिसता कामा नये."

हसू गेलं. विळी बाजूला झाली. "भाऊ, मी कोणाकडं मागितलं नाय कधी."

"तिथेच चुकलात! मागायला पाहिजे होतं. घरोघरी जाऊन मागायचं. लाजायचं नाही. आमच्या कंपनीत मोठमोठे साहेब मागायचे, त्याला फीडबॅक म्हणतात."

"घरोघरी मागू?"

"मग? बसल्या जागी कोण देणार?"

त्यांनी पदर खांद्यावर ओढला. आवाज बदलला होता. "मी काय लपवून ठेवलं नाय. निम्मं तर वहिनींकडंच धाडते, तुमच्या घरात."

म्हणजे गिऱ्हाइकांच्या डब्यात उरलेलं आमच्या घरी येत होतं? आणि आम्ही ते खात होतो? मी उठून उभा राहिलो. "आमच्या घरी ते अजिबात पाठवायचं नाही! गुरांना घाला. नाहीतर टाका रस्त्यात."

"रस्त्यात?"

"हो. आणि तुम्हाला सुधारायला मी एक महिना देतो. तोवर फोन मिनलकडे जातील."

विमलाबाईंनी चिरलेला कांदा ताटात सारला. मग म्हणाल्या, "वहिनींना ठाव हाय हे?"

"त्यांच्याच भल्यासाठी चाललंय."

"बरं," त्या म्हणाल्या. "महिना नको. आमचं नाव पुसून टाका."

चहा विचारला नाही. कोकणातल्या बाईच्या घरून मी चहाशिवाय उठलो, हे गल्लीच्या तोंडाशी आल्यावर लक्षात आलं. गॅस संपला असेल, असं वाटलं.

मग मी जोरात कामाला लागलो. फोन यायचे, "विमलाबाईंचा डबा." मी म्हणायचो, "त्या सध्या उपलब्ध नाहीत, त्याऐवजी मेक्सिकन उपमा घ्या." पलीकडे शांतता व्हायची. ती विचार करण्याची आहे असं मी धरायचो. हंसाबेनना काय कळलं कोणास ठाऊक, त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, "भाई, विमलाबेन नथी तो मैं भी नहीं," आणि गोड तोंड फिरवून गेल्या. माझं काम उलट सोपं झालं. फळ्यावर एकच नाव उरलं आणि ते हिरवंगार होतं. राघो रोज सांगायचा, "समदे रिकामे, सायेब," आणि दिवसेंदिवस त्याचा आवाज खोल जायचा. शंभरातले शंभर डबे रिकामे! (शंभर म्हणजे बोलायची रीत. शेवटी शेवटी चार होते.)

फोनही कमी झाले. मी म्हटलं, चला, तक्रारी मिटल्या. मग ते बंदच झाले. अशी शांतता त्या घरात आम्ही राहायला आल्यापासून नव्हती. मी फोनशेजारी बसून पेपर वाचत होतो तेव्हा रसिका आली.

बॅग खाली ठेवायच्या आधी तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"चालू आहे," मी म्हणालो.

"मग वाजत का नाही?"

"वाजायचं कारणच उरलेलं नाही. फळा बघ."

तिने फळा बघितला. "विमलाबाई कुठायत?"

"त्यांचे डबे रिकामे येत नव्हते."

रसिकाने माझ्याकडे असं पाहिलं की मला दारावर कोणीतरी आलंय असं वाटून मी मागे बघितलं. "हे... हे आर.डी. म्हणजे रिकामा डबा?"

"हो."

ती सोफ्यावर बसली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज अगदी हळू होता. "अहो, आपल्याकडे कोणी कोणाचा डबा रिकामा परत करतं का?"

बोलायला जे तोंड लागतं ते माझं उघडंच राहिलं होतं.

"तो एकटा राहणारा नीरज आईकडून आलेले काजू घालतो त्यांच्या डब्यात. गोडदेवच्या आजी लाडू भरून देतात, हात कापतात तरी. ज्याच्याकडे काही नसतं तो चिमूटभर साखर घालतो. आजवर ह्या घरातून शेजारची एक वाटी रिकामी गेलीय? तुम्हीच कटकट करता ना, साखर एवढी कशी संपते म्हणून?"

"मग मिनलचे..."

"धुवून देतात हो! खाल्ल्याशिवाय! आधी कुत्र्याला घालतात आणि मग धुवून देतात. जिच्या हातचं आवडत नाही तिच्या डब्यात साखर कोण घालील?"

गोडदेवच्या नाक्यावरची कुत्री अलीकडे फार सुधारली होती, हे मलाही जाणवलं होतं. त्याचं श्रेय मी महापालिकेला देत होतो.

"आणि निम्मं आपल्या घरी..." मी कसंबसं म्हणालो.

"मी जायच्या आधीचे बेसनाचे लाडू कुठून आले वाटलं? दोन दोन खाल्लेत की."

मला लाज वाटली. त्या बाईला नवरा नव्हता, मूल नव्हतं. कोणाकडून मायेचं काही यायची तिची तेवढीच वाट होती, सायकलवरून परत येणारी. ती मी मोजून बंद केली होती. वर तिला भीक मागायला सांगून आलो होतो.

"चला, जाऊन पाया पडतो," मी म्हणालो.

"जा. पण रिकाम्या हाताने जाऊ नका."

"तू काहीतरी करून दे."

"मी?" रसिका म्हणाली. "तुम्हीच करा."

मी शिरा केला. रवा भाजताना एका बाजूने काळा झाला आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहिला. तूप ओतताना हात सैल सुटला. साखर मात्र भरपूर घातली, अपराधी माणसाचा हात साखरेच्या बाबतीत मोकळा असतो. तो आमच्या चांगल्या स्टीलच्या डब्यात भरला, वर दोन वेलदोडे ठेवले आणि खारीला गेलो.

विमलाबाईंच्या दारात चपलाच चपला. आत हंसाबेन पोळ्या लाटत होत्या. गोडदेवच्या आजी खुर्चीवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. राघो डबे पिशवीत भरत होता, मला बघून पिशवीत जरा जास्तच डोकं घातलं. लोक रसिकाचा नंबर सोडून थेट इथे यायला लागले होते. नाव डब्यावर होतंच आणि पत्ता राघोला ठाऊक, रोज साखर घालणाऱ्याला तेवढं पुरतं.

"विमलाबाई, चुकलो," मी म्हणालो. "मला कळलंच नाही. हा शिरा. मी केलाय."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. अन्नाचा अपमान त्यांच्याकडून होणं शक्य नव्हतं. आत जाऊन शिरा पातेल्यात काढला. मग बाहेरच्या नळावर डबा घासला, दोनदा विसळला, पदराने कोरडा पुसला.

"वहिनींना सांगा, उद्यापासून हितं या म्हणावं. फोन घ्यायला त्याच पायजेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्याशिवाय कोणाला काय हवं ते कळत नाय आमाला."

"आणि मी? काही हिशेबठिशेब, नियोजन..."

"तुमी दमलात भाऊ," विमलाबाई म्हणाल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

तो किती हलका होता ते मला गल्ली संपेपर्यंत कळलं नाही. कळल्यावर मी एका पानपट्टीच्या आडोशाला उभा राहिलो आणि झाकण काढलं. वाटलं, तळाशी चार दाणे असतील साखरेचे. कोपऱ्यात चिकटलेले असतील. बोट फिरवून पाहिलं. डबा इतका स्वच्छ होता की त्यात माझं तोंड दिसत होतं. पुन्हा मागे जाऊन विचारावं असं मनात आलं, पण साखर मागायला कुठल्या तोंडाने जाणार. घरोघरी जाऊन मागायचा सल्ला मी दुसऱ्यांना देतो.

वाटेत आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून मूठभर साखर घेऊन डब्यात टाकावी आणि रसिकाला दाखवावं, असाही विचार आला. दुकान बंद होतं. माझं नशीब फसवणुकीतही मला साथ देत नाही.

रसिका दारातच उभी होती.

"घेतला?"

"घेतला. तुला उद्यापासून बोलावलंय."

तिचा चेहरा खुलला, आणि माझ्यामुळे नाही तरी मी सांगितल्यावर खुलला, याचंही मला बरं वाटलं. मग तिने माझ्या हातातला डबा घेतला आणि झाकण उघडलं. आत पाहिलं. तिने झाकण लावलं, डबा फडताळात ठेवला आणि फळ्यापाशी गेली. मिनलचं नाव पुसून तिथे माझं लिहिलं, आत्माराम, पूर्ण. मग हिरवा मार्कर उचलून त्यापुढे ठसठशीत खूण केली.